गोचीड, मेंदूचे आजार आणि वेळेवर उपचार
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली त्याबद्दल प्रथम आपल्या सर्वांचं अभिनंदन. सचिवांनी मला सांगितलं होतं, “काकू, मधुमेह किंवा गुडघेदुखीवर बोला, लोकांना आवडतं.” पण त्या दोन विषयांवर आपल्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी बोलतंच. मी आज गोचिडीवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या सोसायटीतल्या निम्म्याअधिक घरांतली मुलं-सुना अमेरिकेत किंवा युरोपात आहेत आणि आपल्यापैकी बरेच जण दर दोन वर्षांनी सहा महिने तिकडे राहून येतात. उरलेल्या घरांचं गाव विदर्भात, कोकणात किंवा मराठवाड्यात आहे. या दोन्ही प्रकारच्या घरांना आजचा विषय लागू आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत मला जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न किमान दहा जणांनी विचारला असेल: “डॉक्टर, हे लाइम डिसीज म्हणजे काय हो? मुलगी फोनवर म्हणत होती.” एका आजींना वाटलं होतं की लिंबू जास्त खाल्ल्यामुळे होतो! तर सुरुवात तिथूनच करू.

नाव कुठून आलं?

लाइम हे गावाचं नाव आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या एका आईने आपल्या घरातली आणि ओळखीतली दुखणी वहीत लिहून ठेवली आणि आरोग्य खात्याचा पाठपुरावा केला. मग येल विद्यापीठाचे डॉ. अॅलन स्टीअर यांनी अभ्यास केला. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे पीळ असलेले जंतू सापडले आणि १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्याच नावावरून जंतूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात.

एक आई वहीत नोंदी करते आणि त्यातून आजार सापडतो, हे मला फार मोलाचं वाटतं. घरात कोणी आजारी असलं की ताप कधी आला, कुठे गेलो होतो, अंगावर काय दिसलं, हे लिहून ठेवा. डॉक्टरला त्याचा मोठा उपयोग होतो.

हा आजार पसरवणारी गोचीड आपल्या गाई-म्हशींवर दिसते तशी टपोरी नसते. तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी आणि मोठी गोचीड तिळाएवढी असते. म्हणून ती चावलेली कळतही नाही. हरणं, उंदीर, पालापाचोळा, गवत असलेल्या जागी ती असते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या राज्यांत ती भरपूर आहे आणि नेमकी आपली मराठी माणसंही तिथे भरपूर आहेत. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या अंदाजाप्रमाणे तिकडे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात. म्हणजे तो काही दुर्मीळ आजार नाही.

मेंदूपर्यंत कसा जातो?

चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेकांच्या अंगावर लाल चट्टा येतो आणि तो हळूहळू पसरत जातो. कधी मध्ये फिकट आणि कडेला लाल, असा नेमबाजीच्या फळीसारखा दिसतो. नेहमी तसाच दिसेल असं नाही. गोऱ्या कातडीवर तो चटकन दिसतो, आपल्या सावळ्या रंगावर नीट बघावं लागतं. या टप्प्यावर तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकने माणूस बरा होतो. रक्ताची तपासणीही लागत नाही, कारण त्या दिवसांत ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते.

चट्टा लक्षातच आला नाही तर काही आठवड्यांनी जंतू सांध्यात, हृदयात किंवा मज्जासंस्थेत जातात. उपचार न झालेल्यांपैकी साधारण दहा-पंधरा टक्के लोकांत मज्जासंस्थेचा त्रास दिसतो. तो प्रामुख्याने तीन प्रकारचा असतो. एक, चेहऱ्याची नस अधू होऊन तोंड वाकडं होणं. दोन, मेंदूच्या आवरणाला सूज येऊन डोकं दुखणं, मान आखडणं, उजेड सहन न होणं. तीन, मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांना सूज येऊन पाठीत, हातापायांत, विशेषतः रात्री भयंकर ठणका लागणं. हा तिसरा प्रकार युरोपात जास्त दिसतो, कारण तिथल्या जंतूची जात थोडी वेगळी आहे. प्रत्यक्ष मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या गाभ्यात आजार शिरणं हे त्यामानाने फारच थोड्यांना होतं.

आमच्या घरातला अनुभव

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमचे जावई न्यू जर्सीत असतात. मागच्या उन्हाळ्यात ते मुलांना घेऊन तंबूत राहायला गेले होते. तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं, अंग मोडून आलं. तिथे सगळ्यांना वाटलं दगदग झाली. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने गळायला लागलं. मुलीने व्हिडिओ कॉल लावला. उजवा डोळा मिटत नव्हता, हसायला सांगितलं तर ओठ डावीकडेच जात होता.

आमच्या जाऊबाईंनी लगेच फोनवर सांगितलं, “वारं गेलंय. त्यांना इकडे आणा, अमक्या गावाला लकव्याचं औषध देतात.” आपल्याकडे ही समजूत घट्ट आहे. तोंड वाकडं होण्याची कारणं पुष्कळ असतात. बऱ्याचदा कारण सापडत नाही, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात आणि त्यात सुरुवातीलाच स्टेरॉइड देतात. कधी तो मेंदूचा झटका असतो, तेव्हा एकेक मिनिट महत्त्वाचं. आणि लाइमच्या प्रदेशात उन्हाळ्यात असं झालं, तर लाइम आहे का हे बघावंच लागतं, कारण तिथे औषध अँटिबायोटिक आहे.

जावयांचं डोकं दुखत होतं, मान आखडली होती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला सांगितलं. मुलगी घाबरली. तुम्हीही घाबराल. “पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो” हे वाक्य मी चाळीस वर्षांच्या नोकरीत नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलं याला गणतीच नाही. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. थोडं पाणी काढतात, शरीर ते काही तासांत भरून काढतं. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, एवढंच. माणूस अंथरुणाला खिळतो तो आतल्या आजाराने, आणि तो आजार कोणता हे त्या पाण्यातूनच कळतं. जावयांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, रक्तात लाइमची प्रतिपिंडं सापडली. निदान झालं.

उपचार: गोळी की सलाईन?

आता मुख्य मुद्दा. पूर्वी मज्जासंस्थेचा लाइम म्हटलं की शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन हे इंजेक्शन द्यायचेच. २००८ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांना चौदा दिवस शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन दिलं, काहींना तेवढेच दिवस तोंडाने डॉक्सिसायक्लिन. दोन्ही गट सारखेच सुधारले. २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्येही तेच आलं: चेहऱ्याची नस, मेंदूचं आवरण किंवा नसांची मुळं यांना त्रास असेल तर डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन, दोन्ही चालतं, १४ ते २१ दिवस. पण मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या गाभ्यातच आजार असेल तर मात्र शिरेतूनच औषध, दोन ते चार आठवडे.

जावयांना तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं. ही जुनी, स्वस्त गोळी आहे. घेताना तीन गोष्टी पाळायच्या. भांडंभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या बरोबर घ्यायच्या नाहीत, औषध अंगी लागत नाही. आणि उन्हात जपून, कातडी भाजते. गरोदर बाईला लाइमसाठी वेगळं औषध देतात.

औषधाइतकीच महत्त्वाची डोळ्याची निगा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवायची. मुलगी हे रोज न चुकता करत होती. सहाव्या आठवड्यात ओठ हलायला लागला, तिसऱ्या महिन्यात चेहरा जवळपास पूर्ववत झाला.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि हेच मला आज खास सांगायचं आहे. चेहरा सुधारला तरी थकवा जाईना. ऑफिसमध्ये दुपारी डोकं चालेना, नावं आठवेनात. तेव्हा कोणीतरी सांगितलं की जंतू अजून आत लपलेत, सहा महिने सलाईन लावलं पाहिजे, अमुक ठिकाणी करतात, खर्च हजारो डॉलर. मुलगी रडकुंडीला आली होती. “आई, आपण पैशाकडे बघून थांबलोय असं नको व्हायला,” असं म्हणाली.

मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. उपचारानंतर काही लोकांना काही महिने थकवा, अंगदुखी, विसराळूपणा राहतो. तो खरा असतो, मनाचे खेळ नसतात. त्याला कोणी हसू नये. पण तो घालवायला आणखी अँटिबायोटिक उपयोगी पडतं का, हे नीट तपासलं गेलंय. २००१ मध्ये अमेरिकेत आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये मोठे अभ्यास झाले. लांबवलेल्या अँटिबायोटिकने बनावट गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. तोटे मात्र होतात. महिनोन्महिने शिरेत नळी ठेवली की तिथून रक्तात जंतुसंसर्ग होतो, गुठळ्या होतात, पित्ताशयात गाळ साठतो, जुलाब लागतात. यात लोक दगावलेलेही आहेत. आणि प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून “रिपोर्ट अजून पॉझिटिव्हच आहे” याचा अर्थ “आजार अजून आहे” असा होत नाही. पुन्हा पुन्हा तपासणी करून घाबरू नये.

घरात दोन रात्री चर्चा झाली. निर्णय अर्थात त्यांनी दोघांनी, तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतला. सलाईन नको. झोप, हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, कामाचे तास कमी. आठ-नऊ महिने लागले. आता ते पूर्ण वेळ काम करतात.

मग आपल्याकडे काय?

इथे कोणी म्हणेल, “हे सगळं अमेरिकेचं झालं. चऱ्होलीत काय?” रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे लाइमच्या नोंदी तुरळक आहेत आणि त्या मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यातल्या, ईशान्य भारतातल्या, केरळ-कर्नाटकच्या जंगलाच्या कडेच्या. आपल्या सोसायटीतल्या कुत्र्यांवरची गोचीड लाइम पसरवत नाही. पण आपल्याकडे तिचे तीन भाऊबंद आहेत.

पहिला स्क्रब टायफस. हा गोचिडीमुळे नाही, तर तिच्याच जातकुळीतल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. ती डोळ्यांना जेमतेम दिसते. झुडपं, उंच गवत, उंदीर असलेल्या जागा, शेताचे बांध इथे ती असते. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने हा तिचा हंगाम. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागात याची मोठी साथ आली, माणसं दगावली. गोरखपूरकडे लहान मुलांना वर्षानुवर्षं मेंदूज्वर व्हायचा, त्यातल्या बऱ्याच मुलांत कारण स्क्रब टायफस होतं, हे नंतरच्या तपासण्यांत कळलं.

याची खूण म्हणजे चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तसा काळा, खपली धरलेला डाग. तो दुखत नाही, खाजत नाही आणि लपलेल्या जागी असतो: काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, कानामागे. प्रत्येकाला येतोच असं नाही, पण शोधावा लागतोच.

मी नोकरीत असताना एक तरुण आला होता. चाकणच्या कारखान्यात कामाला, गाव विदर्भात. पोळ्याला गावी गेला, शेतात गवत कापलं, परत आला आणि दहा दिवसांनी ताप. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइडचं औषध चालू. आमच्याकडे आणला तेव्हा तो बायकोला ओळखत नव्हता. मेंदूज्वर समजून सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू झालेलं होतं. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी त्याला स्पंज करताना करगोट्याखाली काळा डाग पाहिला आणि मला हाक मारली. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला, तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला विचारलं, “पगार जमा झाला का?” सगळा वॉर्ड हसला.

यातली मेख लक्षात घ्या. लाइममध्ये सेफ्ट्रिअॅक्सोन उत्तम चालतं, स्क्रब टायफसमध्ये ते अजिबात चालत नाही. मेंदूज्वर दिसायला सारखा, पण जंतू वेगळा. डॉक्सिसायक्लिन मात्र दोन्हीकडे चालतं. आजार फार बळावला असेल तर काय द्यावं, याचा मोठा अभ्यास आपल्याच देशात ७ रुग्णालयांत सुमारे ८०० रुग्णांवर झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिलं तर एकेकट्यापेक्षा गुंतागुंत कमी होते, असं त्यात दिसलं. गरोदर बायकांना अॅझिथ्रोमायसिन देता येतं.

दुसरा भाऊबंद कुत्र्याच्या गोचिडीतून येणारा टिक टायफस. ताप, डोकेदुखी आणि अंगावर, तळहात-तळपायांवरसुद्धा, लाल पुरळ. उपचार पुन्हा डॉक्सिसायक्लिनच. लवकर दिलं तर साधा, उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड सगळं धरतो.

तिसरा माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसंही तापाने पडली. तो विषाणू शोधला पुण्याच्या त्या वेळच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. २०१६ मध्ये हा ताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आला. काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना होतो. काहींचा ताप उतरून पुन्हा चढतो आणि दुसऱ्या खेपेला मेंदूवर जातो. हा विषाणू असल्यामुळे अँटिबायोटिक चालत नाही, त्यावर नेमकं औषध नाही. रुग्णालयात सांभाळणं आणि मुळात चावू न देणं, एवढंच हातात आहे.

आपण काय करायचं?

ट्रेकला, गावी शेतात, परदेशात बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी, कीटकरोधक मलम लावावं. गवतावर थेट झोपू नये, कपडे वाळत घालू नयेत. परत आल्यावर आंघोळ आणि अंगाची नीट पाहणी. काखा, जांघा, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांत.

गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, हळद, चुना, उदबत्तीचा चटका यातलं काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. चिरडायची नाही. साबणाने जागा धुवायची, तारीख लिहून ठेवायची. लाइमचे जंतू अंगात यायला ती साधारण एक दिवसाहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी अंग बघण्याला अर्थ आहे. अमेरिकेत जास्त धोक्याची गोचीड असेल तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता सोसायटीपुरतं. मागच्या भिंतीलगतच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात कमरेइतकं गवत असतं, त्यात राडारोडा आणि त्यात उंदीर. मुलांचा चेंडू तिथेच जातो. श्रावण संपायच्या आत दोनदा गवत कापून घ्यावं, अशी माझी समितीला विनंती आहे. कुत्र्यांवरून आपल्याकडे दर सभेत भांडण होतं. मी कोणाचीच बाजू घेत नाही. कुत्री हाकलून गोचीड जात नाही, ती पार्किंगच्या भेगांत राहते. पशुवैद्याकडून त्यांना गोचिडीचं औषध आणि लसीकरण करून घेणं स्वस्त पडेल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न: लाइमची लस आहे का?
उत्तर: १९९८ मध्ये अमेरिकेत एक आली होती, २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. तूर्त लस नाही असं समजूनच काळजी घ्यावी.

प्रश्न: ताप आला की घरीच डॉक्सिसायक्लिन घेतली तर?
उत्तर: नको. डेंग्यू, मलेरियाही असू शकतो. पण डॉक्टरांना आपणहून सांगा: “मी अमुक तारखेला गावी शेतात होतो,” किंवा “अमेरिकेहून मागच्या महिन्यात आलो.” हे वाक्य फार मोलाचं आहे. पाच दिवसांहून जास्त ताप, त्यात बरळणं, झोपाळूपणा किंवा मान आखडणं दिसलं तर घरी थांबू नका. आपल्याला पिंपरीचं वायसीएम जवळ आहे.

प्रश्न: आम्ही जूनमध्ये मुलाकडे बोस्टनला जातोय. जाऊ की नको?
उत्तर: खुशाल जा! नातवंडांबरोबर बागेत खेळा. फक्त संध्याकाळी त्यांचं आणि स्वतःचं अंग बघा, आणि खसखशीचा दाणा हलताना दिसला तर चिमटा घ्या.

 बाहेर महिला मंडळाने मसालेदूध ठेवलंय, ते गार होण्याआधी सगळ्यांनी घ्या.